रानमुक्काम आणि निसर्गदृश्य छायाचित्रण (ब्रिटन)

रानमुक्काम किंवा वाइल्ड कॅम्पिंग म्हणजे नेमून दिलेल्या तळाबाहेर, डोंगरावर, माळावर किंवा तलावाकाठी हलका तंबू ठोकून एखाद-दुसरी रात्र काढणे होय. पाणी, शौचालय, वीज किंवा वाहनतळ यांपैकी कोणतीही सोय तेथे नसते. लागणारे सर्व सामान पाठीवर नेले जाते आणि तसेच परत आणले जाते. ब्रिटनमध्ये पदभ्रमणाचा हा एक रूढ प्रकार आहे. निसर्गदृश्य छायाचित्रणाशी त्याचा जवळचा संबंध आहे. ज्या प्रकाशासाठी छायाचित्रकार डोंगर चढतो तो बहुधा सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आगेमागे मिळतो, आणि त्या वेळी शिखरावर असायचे तर अनेकदा रात्र तेथेच काढावी लागते.

त्यामुळे दुसऱ्याच्या मालकीच्या मोकळ्या जमिनीवर झोपण्याचा हक्क कोणाला आहे, हा कायद्याचा प्रश्न छायाचित्रकारांच्या दृष्टीनेही महत्त्वाचा ठरतो. स्कॉटलंडमध्ये हा हक्क २००३ च्या कायद्याने सर्वांना मिळाला आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मात्र जवळजवळ सर्वत्र जमीनमालकाची परवानगी लागते. डार्टमूर हा त्यातील प्रमुख अपवाद असून तेथील हक्क २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने नाकारला आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केला.

प्रकाश आणि रात्रीचा मुक्काम

सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण वातावरणाच्या अधिक जाड थरातून येतात. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि पिवळा-तांबडा प्रकाश अधिक प्रमाणात पोहोचतो. किरण तिरपे पडत असल्याने जमिनीचे चढउतार, दगडी बांध आणि कडे लांब सावल्यांमुळे उठून दिसतात. या वेळेला छायाचित्रकार 'गोल्डन अवर' म्हणतात. सूर्य क्षितिजाखाली साधारण ४ ते ६ अंशांवर असताना आकाश गडद निळे होते. ती वेळ 'ब्लू अवर' म्हणून ओळखली जाते. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की सावल्या आखूड होतात आणि दृश्य सपाट भासते.

हा प्रकाश किती वेळ टिकतो हे अक्षांशावर अवलंबून असते. मुंबईच्या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळ मावळतो, त्यामुळे सूर्यास्तानंतरचा नागरी संधिप्रकाश साधारण २२ ते २५ मिनिटांत संपतो. सुमारे ५६ अंश उत्तरेला असलेल्या एडिंबरामध्ये सूर्य तिरकस मावळतो आणि जूनच्या उत्तरार्धात हाच संधिप्रकाश पाऊण तासाहून अधिक टिकतो. त्या दिवसांत तेथे सूर्यास्त रात्री दहाच्या सुमारास, तर सूर्योदय पहाटे साडेचारच्या सुमारास होतो. मधल्या काळात सूर्य क्षितिजाखाली ११ अंशांपलीकडे जात नाही, म्हणून पूर्ण काळोख पडतच नाही. आकाशगंगेच्या छायाचित्रांसाठी काळोखी रात्र लागते. त्यामुळे स्कॉटलंडमध्ये अशी छायाचित्रे उन्हाळ्याच्या मध्यावर घेता येत नाहीत.

मुक्कामाची गरज साध्या हिशेबाने स्पष्ट होते. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार दर ५ किलोमीटर अंतराला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास धरला जातो. रस्त्यापासून ८ किलोमीटर लांब आणि ९०० मीटर उंच शिखर गाठण्यास या नियमाने तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. साडेचारचा सूर्योदय टिपण्यासाठी पायथ्यावरून रात्री एकच्या सुमारास निघावे लागेल. आदल्या संध्याकाळी वर पोहोचून मुक्काम केल्यास सूर्यास्त आणि सूर्योदय दोन्ही मिळतात, तसेच अनोळखी वाटेवर अपरात्री चालणे टळते.

डोंगरावरील काही दृश्ये मुळात रात्रीच तयार होतात. निरभ्र आणि वारा नसलेल्या रात्री जमीन उष्णता गमावून थंड होते, थंड व जड हवा उतारांवरून दरीत उतरते आणि तेथे धुके साचते. खाली थंड हवा आणि वर उबदार हवा अशा या उलट्या तापमान-रचनेमुळे सकाळी शिखरे ढगांच्या समुद्रातून वर आलेल्या बेटांसारखी दिसतात. ऊन तापू लागले की हे धुके विरते. सूर्य पाठीशी आणि धुके समोर खाली असताना पाहणाऱ्याची सावली धुक्यावर पडते व तिच्याभोवती रंगीत वलये दिसतात. या आविष्काराला 'ब्रोकन स्पेक्टर' म्हणतात. मराठीत तो इंद्रवज्र या नावाने परिचित आहे.

इतिहास

काळा तंबू

हेन्री फॉक्स टॅलबट यांचा 'सन पिक्चर्स इन स्कॉटलंड' हा छायाचित्रसंग्रह १८४५ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉल्टर स्कॉटच्या साहित्याशी निगडित स्थळांची २३ छायाचित्रे त्यात होती. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या काचपट्टीची कलोडियन पद्धत मांडली. या पद्धतीत काचेवर रसायन चढवणे, छायाचित्र घेणे आणि ते विकसित करणे ही सर्व कामे काच वाळण्यापूर्वी, म्हणजे काही मिनिटांत उरकावी लागत. घराबाहेर काम करणाऱ्या छायाचित्रकाराला त्यामुळे अंधारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचा आणि पाणी सोबत न्यावेच लागे. निसर्गदृश्य छायाचित्रणात तंबू प्रथम आला तो निवाऱ्यासाठी नव्हे, तर फिरती अंधारखोली म्हणून.

या पद्धतीच्या मर्यादा किती ताणता येतात हे सॅम्युएल बोर्न यांच्या हिमालयातील कामावरून दिसते. नॉटिंगहॅममध्ये बँकेत कारकून असलेले बोर्न १८६३ मध्ये भारतात आले. १८६३, १८६४ आणि १८६६ अशा तीन मोहिमांत त्यांनी हमालांच्या मोठ्या तांड्यासह महिनोन्‌महिने तंबूत राहून छायाचित्रे घेतली. १८६६ मध्ये सुमारे १८,६०० फूट उंचीच्या मणिरंग खिंडीत घेतलेली त्यांची छायाचित्रे त्या काळातील सर्वाधिक उंचीवरील छायाचित्रांत गणली जातात. १८७१ मध्ये रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचपट्टीची पद्धत सुचवली. तिच्या प्रसारानंतर काच जागेवरच विकसित करण्याची गरज संपली आणि छायाचित्रकाराचे ओझे पुष्कळ हलके झाले.

हलका तंबू

करमणुकीसाठी तंबूत राहण्याची प्रथा ब्रिटनमध्ये थॉमस हायरम होल्डिंग या शिंप्याने रुजवली. सायकलवर किंवा पाठीवर नेता येईल असे हलके तंबू त्यांनी शिवले. त्यांच्या पुढाकाराने १९०१ मध्ये सायकलस्वार शिबिरार्थींची संघटना स्थापन झाली, जी आज 'कॅम्पिंग अँड कॅरव्हॅनिंग क्लब' म्हणून ओळखली जाते. 'द कॅम्पर्स हँडबुक' हे त्यांचे पुस्तक १९०८ चे आहे.

वावराच्या हक्काची चळवळ

औद्योगिक शहरांतील कामगार रविवारी डोंगरांकडे वळू लागले तेव्हा तेथील बरेचसे माळ शिकारीसाठी राखलेले व लोकांना बंद होते. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो लोकांनी पीक डिस्ट्रिक्टमधील किंडर स्काउट या पठारावर मनाई मोडून सामूहिक प्रवेश केला. त्या प्रकरणात पाच तरुणांना तुरुंगवास झाला. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा १९४९ मध्ये संमत झाला आणि १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

या चळवळीत छायाचित्रणाचा थेट सहभाग फे गॉडविन (१९३१–२००५) यांच्या कामात दिसतो. 'लँड' (१९८५) या संग्रहामुळे त्यांना निसर्गदृश्यांच्या छायाचित्रकार म्हणून मोठी मान्यता मिळाली. १९८७ ते १९९० या काळात त्या पदभ्रमण करणाऱ्यांच्या 'रॅम्बलर्स असोसिएशन' या संघटनेच्या अध्यक्ष होत्या. 'अवर फॉरबिडन लँड' (१९९०) या पुस्तकात त्यांनी कुंपणे, मनाईचे फलक, लष्कराच्या ताब्यातील जमिनी आणि बंद वाटा टिपल्या. निसर्गदृश्य म्हणजे केवळ सुंदर देखावा नव्हे, तर कोणाच्या तरी मालकीची जमीन आहे, ही बाब त्यांच्या छायाचित्रांनी ठळकपणे मांडली.

कायदेशीर स्थिती

स्कॉटलंड

स्कॉटलंडचा भूमी सुधारणा कायदा २००३ मध्ये संमत झाला आणि त्यातील वावराचे हक्क फेब्रुवारी २००५ पासून लागू झाले. या कायद्याने बहुतेक जमिनीवर व अंतर्गत जलाशयांवर जबाबदारीने वावरण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. घरांभोवतीचे आवार, पीक उभे असलेली शेते आणि मोटार वाहनांचा वापर त्यातून वगळला आहे. सोबतच्या आचारसंहितेनुसार तंबू हलके असावेत, संख्या कमी असावी आणि एका ठिकाणी दोन किंवा तीन रात्रींपेक्षा अधिक मुक्काम करू नये. पिकांची किंवा गुरांची बंदिस्त शेते टाळावीत आणि इमारती, रस्ते व ऐतिहासिक वास्तूंपासून दूर राहावे, असेही संहिता सांगते.

छायाचित्रकारांच्या दृष्टीने या कायद्यातील एक तरतूद विशेष महत्त्वाची आहे. जी कृती हौसेने करता येते तीच व्यवसाय म्हणून केली तरी वावराचा हक्क कायम राहतो. त्यामुळे निसर्गाची छायाचित्रे विकून उपजीविका करणारी व्यक्तीही या हक्काचा लाभ घेऊ शकते.

हा हक्क सर्वत्र अनिर्बंध नाही. ग्लासगो शहराच्या जवळ असल्याने लॉक लोमंड आणि ट्रोसॅक्स राष्ट्रीय उद्यानातील तलावांचे काठ शिबिरार्थींच्या गर्दीने त्रस्त झाले होते. तोडलेली झाडे, शेकोट्यांचे डाग आणि टाकून दिलेले तंबू यांमुळे मार्च २०१७ पासून तेथील काही काठांवर उपविधी लागू करण्यात आले. त्यांनुसार १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात त्या पट्ट्यांत मुक्कामासाठी परवाना घ्यावा लागतो. हे पट्टे उद्यानाच्या एकूण क्षेत्राच्या सुमारे ४ टक्के आहेत.

इंग्लंड आणि वेल्स

ग्रामीण भाग व वाटांच्या हक्कांविषयीच्या २००० च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समधील नकाशावर नोंदलेले डोंगर, माळ आणि सामाईक जमिनी पायी फिरण्यासाठी खुल्या झाल्या. मात्र या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात जी कृत्ये हक्काबाहेर ठेवली आहेत, त्यांत तंबू ठोकून राहणे आणि कोणतेही व्यावसायिक काम या दोहोंचा समावेश आहे. दिवसा त्या माळावर हौसेने छायाचित्र घेणाऱ्याला हक्काचे संरक्षण आहे. तेथेच झोपणाऱ्याला किंवा व्यवसाय म्हणून छायाचित्र घेणाऱ्याला ते नाही.

परवानगीविना मुक्काम करणे हा सर्वसाधारणपणे फौजदारी गुन्हा नसून दिवाणी स्वरूपाचे अतिक्रमण मानले जाते. जमीनमालकाने सांगितल्यास जागा सोडावी लागते. लेक डिस्ट्रिक्टमध्ये डोंगरउतारावरील शेवटच्या दगडी बांधाच्या वर, रस्त्यापासून दूर, एक रात्र शांतपणे काढणाऱ्याकडे दुर्लक्ष करण्याची प्रथा आहे. पण प्रथा म्हणजे हक्क नव्हे.

डार्टमूर खटला

डेव्हन परगण्यातील डार्टमूर हे ग्रॅनाइटचे पठार १९५१ पासून राष्ट्रीय उद्यान असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे ९५४ चौ. किमी आहे. तेथील सामाईक माळांसाठी १९८५ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. त्याच्या कलम १० नुसार लोकांना मोकळ्या हवेतील विरंगुळ्यासाठी पायी किंवा घोड्यावरून माळावर जाण्याचा हक्क आहे. या शब्दांत रात्रीचा मुक्कामही येतो, असेच अनेक वर्षे मानले जात होते.

दक्षिण डार्टमूरमधील जमिनीच्या मालकांनी या समजाला आव्हान दिले. १३ जानेवारी २०२३ रोजी उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. आठवडाभरातच हजारो लोकांनी माळावर जमून निषेध नोंदवला. ३१ जुलै २०२३ रोजी अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला. २१ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमीनमालकांचे अपील एकमताने फेटाळले. 'मोकळ्या हवेतील विरंगुळा' या शब्दांचा सामान्य अर्थ तंबूतील मुक्कामाला सामावून घेतो, आणि 'पायी किंवा घोड्यावरून' हे शब्द माळावर कसे जावे ते सांगतात, तेथे काय करावे यावर मर्यादा घालत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. मुक्कामामुळे होणाऱ्या हानीवर नियंत्रण ठेवण्यासाठी उद्यान प्राधिकरणाला उपविधींचे अधिकार आहेत, हेही निकालात लक्षात घेतले गेले. मुक्काम कोणत्या माळांवर चालतो याचा नकाशा प्राधिकरण प्रसिद्ध करते.

तंत्र आणि साधने

पाठीवरच्या ओझ्यात तंबू, स्लीपिंग बॅग, खालची गादी, स्टोव्ह, अन्न आणि कॅमेऱ्याचे साहित्य या सर्वांचा समावेश असल्याने प्रत्येक वस्तूचे वजन विचारात घेतले जाते. ट्रायपॉड मात्र सहसा वगळता येत नाही, कारण मंद प्रकाशात शटर अनेक सेकंद उघडे ठेवावे लागते. वाऱ्यात तो स्थिर राहावा म्हणून त्याच्या मधल्या दांड्याला पिशवी टांगतात.

• छिद्रमान: जवळचा दगड आणि दूरचे शिखर दोन्ही स्पष्ट यावेत म्हणून बहुधा एफ/८ ते एफ/११ वापरतात. छिद्र यापेक्षा फार लहान केल्यास प्रकाशाच्या विवर्तनामुळे तपशील मऊ होऊ लागतो.

• आकाश आणि जमीन यांतील तफावत: पहाटे आकाश उजळ व दरी काळोखी असते. अर्धी काळसर काच असलेला फिल्टर लावून किंवा वेगवेगळ्या एक्स्पोजरची छायाचित्रे घेऊन नंतर ती एकत्र करून ही तफावत कमी करतात.

• तारे: पृथ्वीच्या परिवलनामुळे तारे ताशी १५ अंश सरकताना दिसतात. ते ठिपक्यासारखे यावेत यासाठी ५०० या संख्येला लेन्सच्या नाभीय अंतराने भागतात. २० मिमीच्या लेन्ससाठी ही मर्यादा २५ सेकंद येते. हा ३५ मिमी आकाराच्या संवेदकासाठीचा ढोबळ नियम आहे.

• थंडी आणि दव: थंडीत लिथियम-आयन बॅटरीची क्षमता घटते, म्हणून जादा बॅटऱ्या स्लीपिंग बॅगेत ठेवतात. थंड कॅमेरा तंबूतील दमट हवेत आणल्यास लेन्सवर पाणी जमते. तो आधी बंद पिशवीत ठेवून हळूहळू उबदार होऊ देतात.

दिव्यांच्या उजेडापासून दूर असलेल्या जागांना रात्रीच्या छायाचित्रणात विशेष महत्त्व आहे. दक्षिण स्कॉटलंडमधील गॅलोवे वनोद्यानाला २००९ मध्ये 'डार्क स्काय पार्क' हा दर्जा मिळाला.

सुरक्षितता

ब्रिटनमधील डोंगर उंचीने फार मोठे नाहीत. सर्वोच्च शिखर बेन नेव्हिस १,३४५ मीटरचे आहे. तरीही अटलांटिककडून येणारी वादळे, पाऊस आणि वारा यांमुळे उन्हाळ्यातही शरीराचे तापमान धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते. उंचीबरोबर तापमान दर हजार मीटरला साधारण ६.५ अंश सेल्सियसने घटते. नकाशा, होकायंत्र, हेडटॉर्च, कोरडे कपडे आणि डोंगरी हवामानाचा अंदाज या किमान गरजा मानल्या जातात. बेत आणि परतीची वेळ कोणाला तरी सांगून जाणे आवश्यक ठरते. छायाचित्रकाराच्या बाबतीत आणखी एक धोका संभवतो. चांगल्या प्रकाशाच्या आशेने तो हवा बिघडत असतानाही वर थांबतो, किंवा चौकट साधण्यासाठी ओल्या कड्याच्या टोकाकडे सरकतो.

पश्चिम स्कॉटलंडमध्ये उन्हाळ्यात मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्यांचे थवे असतात. गवतातील गोचिडींपासून लाइम रोगाचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून मुक्कामानंतर अंग तपासतात. ज्यांना तंबू नको असतो ते 'बॉथी' या दुर्गम भागातील साध्या निवाऱ्यांचा आसरा घेतात. १९६५ मध्ये स्थापन झालेली 'माउंटन बॉथीज असोसिएशन' अशा सुमारे १०० निवाऱ्यांची देखभाल करते.

पर्यावरणीय परिणाम आणि आचारसंहिता

उशिरा तंबू ठोकावा, पहाटे लवकर काढावा आणि मागे खूण ठेवू नये, हा रानमुक्कामाचा रूढ संकेत आहे. माळांची जमीन बऱ्याच ठिकाणी पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांची असते. कोरड्या दिवसांत शेकोटीची आग या थरात शिरून जमिनीखाली धुमसत राहू शकते. त्यामुळे स्टोव्ह वापरण्याचा आग्रह धरला जातो. शौचासाठी पाण्यापासून किमान ३० मीटर दूर खड्डा खणून तो बुजवावा, असा सल्ला स्कॉटलंडमध्ये दिला जातो. चंडोल आणि कुरल यांसारखे पक्षी उघड्या माळावर जमिनीवरच घरटी करतात, म्हणून विणीच्या काळात जागा निवडताना अधिक काळजी घ्यावी लागते. सोनेरी गरुडासारख्या विशेष संरक्षित पक्ष्यांना घरट्याजवळ त्रास देणे हा १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. घरट्यावरील अशा पक्ष्याला व्यत्यय येईल असे छायाचित्रण करण्यापूर्वी परवाना घ्यावा लागतो.

छायाचित्राचा स्वतःचाही परिणाम होतो. एखाद्या तलावाकाठचे किंवा सुळक्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर पसरले की पुष्कळ लोक नेमकी तीच चौकट टिपायला येतात, आणि वाट रुंदावून तिची माती धुपते. काही छायाचित्रकार यामुळे नेमके ठिकाण जाहीर करण्याचे टाळतात. यावर असाही आक्षेप घेतला जातो की, खुल्या जमिनीचा हक्क सर्वांचा असताना जागा लपवणे म्हणजे ती मोजक्या जाणकारांपुरती राखणे होय. आतून उजळलेल्या रंगीत तंबूचे छायाचित्र लोकप्रिय असले तरी, तंबू नजरेत येऊ नये या संकेताशी ते विसंगत आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

सह्याद्रीत किल्ल्यांवरील गुहांत, मंदिरांत किंवा तंबूत मुक्काम करून सूर्योदय टिपण्याची प्रथा आहे. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा सूर्यास्तासाठी आणि इंद्रवज्रासाठी प्रसिद्ध आहे. मात्र भारतात स्कॉटलंडप्रमाणे सर्वसाधारण वावराचा हक्क देणारा कायदा नाही. हरिश्चंद्रगड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि अभयारण्यातील प्रवेशावर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम २७ चे निर्बंध आहेत. कलम २८ मध्ये ज्या कारणांसाठी प्रवेशाचा परवाना देता येतो त्यांत छायाचित्रणाचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजेच ज्या जमिनीवर स्कॉटलंडमध्ये छायाचित्रकार हक्काने थांबतो, तशा जमिनीवर येथे तो परवान्याने थांबतो. आग, कचरा आणि विणीचा काळ यांविषयीची जबाबदारी मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.